तांबी काढून टाकावीशी वाटते तेव्हा

प्रश्न : माझे वय २९ असून मला एक मूल आहे. चार महिन्यांपूर्वी मी तांबी (मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचे तांब्याचे साधन, कॉपर-टी) बसवून घेतली. तेव्हापासून पाळीत रक्तस्राव बराच वाढला आहे आणि ओटीपोटातही दुखते. तक्रार केली की ‘होईल सवय’ एवढेच ऐकायला मिळते. माझ्या दोन मैत्रिणींनीही तांबी वर्षाच्या आत काढली. इतक्या जणी ती मध्येच का काढतात? मीही काढावी का?

उत्तर : तांबी मुदतीआधी काढण्यामागे दुसरे मूल हवे असणे हेही एक कारण असते, पण तक्रारीमुळे काढणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठे कारण तुम्ही सांगितलेत तेच आहे. तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला सौम्य दाह होतो, तेथे प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये वाढतात आणि त्यामुळे पाळी लांबते, अंगावरून जास्त जाते व पोटात कळा येतात. म्हणजे हा त्रास खरा आहे, तो मनाचा खेळ नव्हे. बहुतेकींमध्ये तो तीन ते सहा महिन्यांत कमी होतो. मात्र हे तांबी बसवण्यापूर्वीच सांगितले गेले नाही, तर पहिल्याच जोरदार पाळीनंतर स्त्रीला काहीतरी बिघडले असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते पुष्कळ तांब्या या न सांगितलेल्या गोष्टीपायी निघतात.

तांबी पोटात फिरते, तिने पुढे मूल होत नाही, या समजुतींमुळेही ती काढली जाते. काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. गर्भाशयाला छिद्र पडून ती बाहेर सरकणे शक्य असले, तरी असे हजारात एकदोघींच्या बाबतीतच घडते. काही जणींची तांबी आपोआप निसटते, विशेषतः पहिल्या वर्षात. तांबीला जोडलेला दोरा संबंधाच्या वेळी पतीला टोचत असेल, तर तो आखूड करता येतो.

तुम्ही आधी तपासणी करून घ्या : तांबी जागेवर आहे का, जंतुसंसर्ग किंवा गर्भधारणा नाही ना, आणि हिमोग्लोबिन किती आहे. पाळीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आयबुप्रोफेनसारखे औषध घेतल्यास रक्तस्राव आणि कळा दोन्ही कमी होतात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, असह्य वेदना किंवा पाळी चुकणे यांपैकी काहीही झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तांब्याऐवजी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे साधनही मिळते; त्याने रक्तस्राव उलट घटतो, जरी सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग दिसतात.

एवढे करूनही तुम्हाला ती नकोच असेल, तर ती काढून मागणे हा तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणालाही कारण पटवून देण्याची गरज नाही. ती स्वतः ओढून काढू नका. सध्या मूल नको असेल, तर काढण्याच्या आधीचे सात दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा, आणि पुढचे साधन कोणते हे त्याच भेटीत ठरवून घ्या.