रॅम्प नकाशात दाखवून नंतर काढून टाकला तर?

प्रश्न: मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जुन्या इमारतीतला तळमजला आणि पहिला मजला भाड्याने घेऊन डायग्नॉस्टिक सेंटर चालवते. जोतं ४५० मिलिमीटर उंच, दाराशी तीन पायऱ्या, समोर जेमतेम ३ मीटर मोकळी जागा. सोनोग्राफी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता आतलं नूतनीकरण करतोय आणि मागे मालक एक खोली वाढवून देणार आहेत. त्याच्या परवानगीचा अर्ज तयार आहे. आर्किटेक्ट म्हणतात, नकाशात रॅम्प दाखवू, भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं की काढून टाकू; इमारत १९९८ची, तिला नवे नियम लागत नाहीत. दरम्यान व्हीलचेअर वापरणाऱ्या एका पेशंटने राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली असून खुलासा मागवला आहे. त्यांना आमच्या मुलांनी उचलून वर नेलं होतं, तरीही तक्रार! काय करावं?

डॉक्टर, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. खुलाशात ‘आम्ही पेशंटला उचलून वर नेलं’ असं लिहायचा विचार असेल तर थांबा. तुम्हाला तो चांगुलपणा वाटतो आणि तुमचा हेतू चांगला होता हेही मला मान्य आहे. पण आयुक्तांसमोर ते वाक्य तुमच्याविरुद्धचा कबुलीजबाब ठरेल. त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या व्यक्तीला स्वतःहून तुमच्या सेंटरमध्ये जाता येत नाही.

आता आर्किटेक्टचा सल्ला. इमारत जुनी म्हणून सुटका, हे कायद्यात कुठेच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही त्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक इमारत’ ठरते, आणि वैद्यकीय सेवेचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. कलम ४४ नव्या बांधकामाचं: नकाशा सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना इमारत स्वतःहून वापरता येण्याच्या, नियमांत बसत नसेल तर परवानगी नाही आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला किंवा ताबाही नाही. कलम ४५ आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारतींचं. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत त्या सुगम करायच्या आहेत. कलम ४६ सेवा देणाऱ्याचं, म्हणजे थेट तुमचं, जागा भाड्याची असो की स्वतःची. त्याची मुदत दोन वर्षं.

मागची खोली कलम ४४ खाली येते. मालक एकटी व्यक्ती असल्याने ‘आस्थापना’ ठरत नाहीत, असा युक्तिवाद एखादा वकील करेल. पण पालिकेची बांधकाम नियमावली तीच अट घालते, त्यामुळे त्यातून फार काही हाती लागणार नाही. आतल्या नूतनीकरणाला कदाचित परवानगीच लागत नसेल. तरी ४५ आणि ४६ तिथेही आहेतच.

नियमांबद्दल एक गोष्ट समजून घ्या, कारण समोरचा वकील तीच काढेल आणि कदाचित तुमचाही काढू म्हणेल. २०१७च्या नियमांपैकी नियम १५(१) मध्ये सुगम्यतेची मानकं होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात हा नियम अधिकारबाह्य ठरवला. कारण असं: कायदा मानकं बंधनकारक असावीत म्हणतो, तर नियमांनी ती नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या रूपात ठेवली होती. केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम वेगळे काढावेत आणि ते झाल्यावर दाखला रोखणं, दंड करणं हे परिणाम लागू व्हावेत, असा आदेश झाला. यावरून ‘नियमच नव्हते, मग पाच वर्षं मोजायची कुठून?’ असा बचाव घेता येतो. कागदावर तो दिसतोही बरा. मी मात्र त्याच्या भरवशावर राहणार नाही. ज्या निकालाने सूचनांना सक्तीचं रूप द्यायला सांगितलं, तोच निकाल ढिलाईसाठी वापरायचा, हे कोणत्याही आयुक्तांना पटवणं अवघड आहे. नकाशावर सही होण्यापूर्वी नियमांची त्या दिवशीची अद्ययावत प्रत आर्किटेक्टकडून लेखी मागून घ्या.

‘आमच्यावर फार बोजा पडतो’ हाही बचाव सुचेल. बेताबाहेरच्या बोज्याची सवलत कायद्यात आहे, पण ती एका विशिष्ट व्यक्तीसाठी करायच्या वाजवी सोयीपुरती. इमारतीची सुगम्यता हे सर्वांसाठी आधीच करून ठेवायचं काम आहे. न्यायालयाने याच निकालात हे दोन्ही वेगळे धरले आहेत.

आणि तो दाखवण्यापुरता रॅम्प. दाखल्यानंतर तो तोडलात तर मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम तुमच्या नावावर लागतं, आणि खोट्या चित्रावर मिळवलेली परवानगी रद्द होऊ शकते. तक्रारदार हयात आणि जागरूक असताना हा खेळ करायचा म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने तयार करून द्यायचा.

आता जागेचं गणित, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. रॅम्पचा उतार १:१२. म्हणजे ४५० मिलिमीटरसाठी ५.४ मीटर लांबी, शिवाय वर आणि खाली वळायला सपाट जागा. तुमच्या ३ मीटरमध्ये सरळ रॅम्प बसवला तर उतार १:६.७ होतो; तो रॅम्प कोणी ढकलल्याशिवाय चढता येत नाही आणि उतरताना धोका. काटकोनात वळवून, मध्ये सपाट टप्पा ठेवून २.७ मीटरचे दोन भाग होतात का ते बघा. बाजूच्या सामासिक अंतरातून (इमारत आणि हद्द यांमधल्या मोकळ्या जागेतून) नेता आला तर उत्तम, मात्र त्याला पालिकेची आणि अग्निशमनाची हरकत नाही ना, हे आधी विचारा. फुटपाथवर एक इंचही पुढे येऊ नका. आज तुम्ही केलेला रॅम्प उद्या दुसऱ्या व्हीलचेअरवाल्याची वाट अडवतो, आणि पालिका तो काढून नेते ते वेगळंच.

नूतनीकरणात जुन्या फरशीवर नवी फरशी टाकायचं चाललं असेल तर ते थांबवा. जाडी ४० मिलिमीटर वाढली की रॅम्प जवळपास अर्धा मीटर लांबतो. उलट जुनी फरशी आणि भराव काढून पातळी खाली आणता आली तर प्रत्येक १५० मिलिमीटरमागे १.८ मीटर रॅम्प वाचतो. हे आता करायचं काम आहे. टाइल बसल्यावर कोणी करत नाही.

लिफ्टसाठी भांडत बसण्याआधी मजल्यांची अदलाबदल करा. सोनोग्राफी, सॅम्पल घेणं, रिसेप्शन आणि पेशंटचं टॉयलेट खाली. प्रयोगशाळा आणि हिशेबाचं ऑफिस वर. टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, ९०० मिलिमीटर मोकळ्या रुंदीचं हवं आणि आत व्हीलचेअर फिरायला १.५ मीटर जागा हवी. मागची नवी खोली याच कामाला वापरता येईल. सोनोग्राफी मशीनची जागा बदलणार असाल तर प्रसूतिपूर्व लिंगनिदानाच्या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याला किमान ३० दिवस आधी कळवून नोंदणीत बदल करून घ्या. नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी, आणि जास्त गंभीर, होईल. नोकरीची जागाही दिव्यांग हक्क कायद्यात येते. वर काम करणारा कर्मचारी उद्या दिव्यांग असला तर त्याची सोय खाली लागेल, एवढं लक्षात असू द्या.

मालकांची लेखी संमती आजच मागा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०८ भाडेकरूला मालकाच्या संमतीशिवाय कायमचं बांधकाम करू देत नाही, त्यामुळे तोंडी होकारावर सिमेंट ओतू नका. रॅम्पचा खर्च कोणाचा, करार संपल्यावर तो तिथेच राहणार का, हे त्याच पत्रात येऊ द्या. संमती नाकारली तर ते पत्र खुलाशाला जोडा आणि मालकांना प्रकरणात पक्षकार करायची विनंती करा. तुमची जबाबदारी त्याने संपत नाही, वाटली जाते.

दंडाची रक्कम ऐकून हायसं वाटेल: पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत. पुढच्या प्रत्येकाला मात्र किमान पन्नास हजार, कमाल पाच लाख.

खुलासा मुदतीत द्या. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं अशा कामांपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. गैरहजेरी महागात पडते. त्यात वाद कमी आणि कागद जास्त असावेत: आर्किटेक्टच्या सहीचा सुधारित नकाशा, मजल्यांच्या अदलाबदलीची तारीख, रॅम्प पूर्ण होण्याची तारीख, मालकांना पाठवलेलं पत्र. रॅम्प होईपर्यंत या पेशंटच्या सॅम्पलसाठी माणूस घरी पाठवण्याची तयारीही लेखी द्या, फी न वाढवता. आणि आर्किटेक्ट जुना नकाशा बदलायला तयार नसतील, तर अर्ज पालिकेत जाण्यापूर्वी आर्किटेक्ट बदला.