बॅनर उतरला, पण खात्यात आलेल्या सव्वा लाखाचं काय?

वाचकाचा प्रश्न: नमस्कार वकीलताई, मी नाशिकच्या सिडकोतल्या एका क्रीडा मंडळाचा सचिव आहे, नोकरी सातपूर एमआयडीसीत. आमचं मंडळ दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरवतं. या वेळी ओळखीच्या एका इव्हेंटवाल्यानं ‘स्पोर्ट्स न्यूज’ वेबसाइटचं प्रायोजकत्व आणून दिलं. ठरले तीन लाख, त्यातले सव्वा लाख आगाऊ माझ्या खात्यात यूपीआयनं आले. मैदानाभोवती बॅनर, टी-शर्टवर नाव, यूट्यूब लाइव्हवर लोगो, कॉमेंट्रीत दर षटकाला उल्लेख. बॅनरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की व्हॉट्सॲप उघडतं आणि तिथं बेटिंगची आयडी (सट्टा लावायचं खातं) मिळते, हे तिसऱ्या दिवशी पोरांकडून कळलं. सामने मात्र तसेच पुढे चालू ठेवले. आता पोलीस ठाण्यातून कलम ९४ ची नोटीस आली आहे. करार, बँक स्टेटमेंट आणि व्हिडिओ मागितलेत. त्याच आठवड्यात बँकेनं माझं पगाराचं खातं गोठवलं. उरलेले पावणेदोन लाख तो माणूस देत नाही, विजेत्या संघाला आम्ही निम्मंच बक्षीस दिलंय, ते रोज दारात येतात. भारताच्या संघाच्या जर्सीवर आणि आयपीएलमध्ये हेच चालत होतं, मग आम्हीच कुणाचं काय घोडं मारलं? व्हिडिओ काढून टाकू का? उरलेल्या पैशासाठी नोटीस पाठवता येईल का?

उत्तर: व्हिडिओचं आधी सांगते, कारण ते आजच करायचं आहे. काहीही डिलीट करू नका. पुरावा म्हणून मागितला जाईल असा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नोटीस हातात पडल्यावर डिलीट केलेल्या व्हिडिओला ‘चुकून गेला’ म्हणता येत नाही. पण तो लोगो यूट्यूबवर सगळ्यांना दिसत राहणं म्हणजे जाहिरात अजून चालू असणं. म्हणून सगळे व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या, चॅनेलवर ते ‘प्रायव्हेट’ करा, केल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि पोलिसांना द्यायच्या उत्तरात हे स्वतःहून नमूद करा. व्हॉट्सॲपवरचं त्या इव्हेंटवाल्याशी झालेलं बोलणंही जसंच्या तसं एक्स्पोर्ट करून ठेवा. मंडळाच्या ग्रुपवर ‘डिसॲपिअरिंग मेसेज’ चालू असेल तर बंद करा.

आता ‘आम्हीच काय घोडं मारलं’. राग समजतो, पण तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ड्रीम इलेव्हननं २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीसाठी तीन वर्षांचा ३५८ कोटींचा करार केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो करार मुदतीआधीच संपला. सप्टेंबरमधला आशिया चषक भारतीय संघ जर्सीवर प्रायोजकाशिवाय खेळला. अपोलो टायर्सचं नाव नंतर आलं. ते तर फँटसी क्रिकेट होतं, ज्याला न्यायालयांनी कौशल्याचा खेळ म्हटलेलं होतं. नव्या कायद्यानं ती पळवाटच बुजवली: जिंकण्याच्या आशेनं पैसे लावून ऑनलाइन खेळायचा कोणताही खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, बंद. या कायद्याला दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून स्वतःकडे घेतली. पण आव्हान दिलं म्हणजे कायदा थांबला असं होत नाही. आणि तुमच्या बॅनरवरची आयडी तर फँटसीचीही नव्हती, सरळ सट्ट्याची होती. क्रिकेटवरचा सट्टा महाराष्ट्रात त्याआधीही कायदेशीर नव्हता.

‘पण बॅनरवर न्यूज लिहिलं होतं’ हे तुम्ही प्रश्नात स्पष्ट म्हणत नाही, तरी पोलीस ठाण्यात म्हणाल असं वाटतं. दारूच्या कंपन्या सोडा-पाणी आणि म्युझिक सीडीच्या नावानं जाहिरात करतात तोच हा प्रकार. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं २०२२ पासून अशा आडून केलेल्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या, त्यांत न्यूज वेबसाइटच्या नावाखाली चालणाऱ्या बेटिंग प्लॅटफॉर्मचा उल्लेख आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही तेच सांगितलं. २०२५ च्या कायद्याचं कलम ६ तर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कोणत्याही माध्यमातल्या जाहिरातीला लागू आहे, आणि ती करणाऱ्याबरोबर करवून घेणारा, मदत करणारा, त्यात सहभागी असणाराही त्यात येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मैदानाच्या दोरीला बांधलेलं फ्लेक्स हेही माध्यमच.

एवढं वाचून घाबरू नका. या कायद्यानं खेळ चालवणं (कलम ५) आणि पैशाचे व्यवहार करून देणं (कलम ७) हे दोनच गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलेत. जाहिरातीचं कलम त्यात नाही. दोन वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा सर्वसाधारण नियमानं अदखलपात्र आणि जामीनपात्र. शिवाय केंद्राच्या कायद्याची कलमं अधिसूचनेनं अमलात येतात, आणि त्याआधीच्या कृत्यासाठी कुणाला शिक्षा होत नाही, हे संविधानाच्या कलम २०(१) मुळे पक्कं आहे. तुमच्या सामन्यांच्या तारखा आणि राजपत्रातली तारीख शेजारी ठेवून बघणं हे वकिलाचं पहिलं काम. त्यातून फार मोठी सुटका मात्र होणार नाही, कारण राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा आहेच. त्याचं कलम १२अ जुगाराला मदत व्हावी या हेतूनं मजकूर छापणाऱ्या, वाटणाऱ्या, पसरवणाऱ्याला लागू होतं आणि त्यात विनावॉरंट अटकही करता येते. त्यात ‘हेतू’ हा शब्द आहे. म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य ‘तिसऱ्या दिवशी कळलं’ हे आहे. पहिले दोन दिवस तुम्ही फसवले गेलेले आयोजक होता. तिसऱ्या दिवसानंतर बॅनर तसाच राहिला, कॉमेंट्रीवाला दर षटकाला नाव घेत राहिला, आणि तुम्ही उरलेल्या हप्त्याची वाट बघत होता. सरकारी वकील इथेच बोट ठेवतील. तिसऱ्या दिवशी तुम्ही इव्हेंटवाल्याला फोन केला होता का, ‘हे काय आहे’ असा मेसेज टाकला होता का, एखादा बॅनर तरी उलटा केला होता का? काही असेल तर शोधा. नसेल तर गोष्ट रचू नका; सामन्यांचे व्हिडिओ तारखेनिशी पोलिसांकडे जाणारच आहेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ९४ ची नोटीस म्हणजे कागदपत्रं किंवा वस्तू हजर करण्याची नोटीस. साक्षीदार म्हणून बोलावायचं तर कलम १७९ येतं, आणि दखलपात्र गुन्ह्यातला संशयित म्हणून बोलावायचं तर कलम ३५(३). तुमच्याकडे अजून ९४ च आहे, म्हणजे तपास चाचपडतोय. लेखी विचारा: गुन्हा नोंद झालाय का, क्रमांक काय, कलमं कोणती, आणि मला कोणत्या नात्यानं नोटीस दिली. हे विचारण्याला कारण आहे. आरोपीला स्वतःविरुद्धचा पुरावा हजर करायची सक्ती या कलमाखाली करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये श्यामलाल चोक्सी खटल्यात सांगितलंय. (योगायोग असा की १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हे कलम ९४ च होतं, मधली पन्नास वर्षं ते ९१ झालं आणि आता पुन्हा जुन्या घरी आलं.) माझं मत विचाराल तर या हक्काची नोंद उत्तरात ठेवा, पण स्टेटमेंट लपवू नका, ते पोलीस बँकेकडून दहा मिनिटांत घेतील. कागद द्या, पोच घ्या, लांबलचक खुलासा लिहून देऊ नका. तोंडी जबाब घेतला तर पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. मोबाईल ठेवून घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

अटकपूर्व जामिनासाठी आजच सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात धावायची गरज मला दिसत नाही. पोलिसांच्या उत्तरात केंद्रीय कायद्याचं कलम ५ किंवा न्याय संहितेचं कलम ११२ दिसलं तर मात्र त्याच दिवशी अर्ज करा. ११२ हे टोळीनं केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्याचं कलम. त्याच्या यादीत बेकायदा बेटिंगही आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मंडळाची पोरं म्हणजे टोळी नव्हे, हे न्यायालयात सांगता येतं, पण ते सांगेपर्यंत आत बसायला लागू नये. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये हा २०१४ च्या अर्णेशकुमार निकालाचा दंडकही तुमच्या वकिलाच्या फाइलमध्ये वर असू द्या.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, ते खातं. मला बॅनरपेक्षा याची जास्त काळजी वाटते. सव्वा लाख कंपनीच्या खात्यातून आले की कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या नावानं आले? माझा अंदाज, दुसरं. या धंद्यात पैसा भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून फिरतो: कुणा विद्यार्थ्याचं, कुणा रिक्षावाल्याचं खातं, महिन्याला चार पैसे देऊन वापरलेलं. त्याच खात्यात दुसऱ्या राज्यात कुणाची तरी सायबर फसवणूक झालेली रक्कमही आलेली असते. त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग काढत पुढची सगळी खाती एकेक करून गोठतात, आणि तुम्ही ज्या पोलीस ठाण्याचं नावही ऐकलं नाही तिथल्या फाइलमध्ये तुमचं खातं जाऊन बसतं. म्हणजे नाशिकची नोटीस आणि गोठलेलं खातं या दोन वेगळ्या भानगडी असू शकतात. एक मिटली म्हणून दुसरी मिटत नाही.

बँकेच्या शाखेत तोंडी भांडू नका. लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम. वाद सव्वा लाखाचा असेल तर तेवढीच रक्कम अडवून ठेवून बाकी खातं मोकळं करा, अशी मागणी त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलनं करा, सोबत पगाराच्या पावत्या जोडा. बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं. नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज. पोलिसांनी कलम १०६ खाली खातं गोठवलं असेल तर त्यांनी ते लगेच दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कळवलं का, हा प्रश्न त्या अर्जात जरूर घाला. तोवर कंपनीच्या एचआरला सांगून पुढचा पगार दुसऱ्या बँकेत वळवा. हे मी आधी सांगायला हवं होतं असं तुमच्या घरचे म्हणतील, गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर विशेषच.

दुसरी अडचण अशी की पैसे मंडळाचे आणि खातं तुमचं. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाणाऱ्या हिशेबात ही रक्कम दिसायला हवी. प्रायोजकत्व घ्यायचं हा निर्णय कार्यकारिणीचा होता का? असेल तर त्या बैठकीचं इतिवृत्त, आणि त्यातले किती पैसे बॉल, पंच, मांडव, लाइट, लाइव्हवाला यांवर गेले त्याची बिलं गोळा करा. नसेल तर मागल्या तारखेचा ठराव लिहू नका. अध्यक्ष आग्रह करतील, तरीही नको. बॅनरला महापालिकेची परवानगी होती का हेही बघा. नसेल तर विद्रूपीकरणाच्या कायद्याचा दंड वेगळा, पण या सगळ्यात ती सगळ्यात लहान बाब आहे.

पावणेदोन लाखांवर पाणी सोडा. जुगारावरचा करार रद्दबातल असतो हे करार कायद्याचं कलम ३० सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ च्या घेरुलाल पारख निकालात म्हटलं की पैजेचा करार रद्दबातल असला तरी त्याला जोडलेला करार तेवढ्यानं बेकायदा होत नाही. पण आपल्याकडे मुंबई प्रांताचा १८६५ चा खास कायदा आहे, जो पैजेला पूरक असे करारही रद्दबातल ठरवतो. त्यावर आता जाहिरातीची सरळ बंदी, म्हणजे करार कायद्याच्या कलम २३ खाली उद्देशच बेकायदेशीर. वसुलीची नोटीस पाठवाल तर ‘आम्ही तुमची जाहिरात पूर्ण केली’ असं स्वतःच्या सहीनं लिहून द्याल. पोलिसांना यापेक्षा सोपा पुरावा कुणी देणार नाही.

विजेत्या संघाचं तसं नाही. त्यांनी मैदानावर खेळून बक्षीस जिंकलंय. प्रवेश फी भरून खेळलेल्या क्रिकेटच्या सामन्याचं बक्षीस हा जुगार नव्हे, राज्याचा जुना कायदाही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो. ते देणं मंडळाचं आहे, प्रायोजक पळाला हे त्यांना सांगून चालणार नाही. कप्तानाशी बसून हप्ते ठरवा, साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि रक्कम मंडळाच्या खात्यातून चेकनं द्या. गोठलेल्या सव्वा लाखातून देईन असं कुणाला कबूल करू नका.

कॉमेंट्री करणाऱ्या पोरालाही नोटीस येऊ शकते, त्याला आजच सांगून ठेवा. त्यानं कागदावरचं वाचलं, त्यातून कमिशन घेतलं नाही. तेवढंच त्यानं सांगायचं. फुशारकीत स्वतःच्या इन्स्टावर ती लिंक टाकली असेल तर मात्र त्यानं वेगळा वकील करावा, तुमचा नको, कारण तुमचं आणि त्याचं म्हणणं एकमेकांच्या आड येऊ शकतं. टी-शर्ट घातलेल्या खेळाडूंना माझ्या मते काही होणार नाही.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, तिथं उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. आणि तो इव्हेंटवाला पुढच्या मोसमासाठी किंवा ‘प्रकरण मिटवतो’ म्हणून फोन करेल. नंबर ब्लॉक करू नका, फोन उचलू नका, मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्याला दाखवा.