जॉब शेअरिंगचे कंपनीला आणि कर्मचाऱ्यांना नेमके काय फायदे-तोटे आहेत?

तुम्ही विचारलंय की पूर्णवेळेचं एक पद दोघांत वाटून द्यायचं तुमच्या ऑफिसात घाटतंय, तर त्यात भलं कोणाचं होतं आणि भुर्दंड कोणाला पडतो. पुरवठादारांची बिलं तपासून पास करायचं काम मी काही वर्षं याच पद्धतीने केलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. पद्धत चांगली आहे, पण एकीने ठेवलेलं काम दुसरीने उचलायचं, या मधल्या वेळेचा पगार कंपनी देणार की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

हिशोब करून बघा. आठवड्याला 40 तासांचं पद आहे. दोघांना 20-20 तास दिले तर पगाराचा खर्च आहे तेवढाच राहतो, कागदावर झकास दिसतं. पण मग दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. निरोप द्यायचे-घ्यायचे ते रात्री घरून फोनवर, म्हणजे फुकट. पगार अर्धा आणि डोक्याला ताप पूर्ण, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. 22-22 तास दिले तर आठवड्यातले 4 तास दोघं एकत्र असतात आणि पगाराचा खर्च 10 टक्क्यांनी वाढतो. दोघांनाही तीन-तीन दिवस बोलावलं आणि मधला एक दिवस सामायिक ठेवला, तर 20 टक्क्यांनी. आम्हाला चार तास पुरायचे. जिथे कामाची प्रकरणं महिनोन्महिने चालतात, तिथे कदाचित पुरणार नाहीत.

त्या वेळेत नक्की काय होतं? आमची एक सामायिक फाइल असायची. त्यात साधारण अशी नोंद असे: ‘या पार्टीचं बिल थांबवलंय, माल 3 पेट्या कमी आलाय, क्रेडिट नोट मागितलीय, ती आल्याशिवाय पेमेंट सोडू नकोस. त्यांचा माणूस गुरुवारी फोन करेल.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. कारण तो माणूस गुरुवारी हमखास फोन करायचा आणि म्हणायचा, ‘अहो, त्या दुसऱ्या मॅडम तर हो म्हणाल्या होत्या!’ आईने नाही म्हटलं की पोरं बाबांकडे जातात, तसं बाहेरचे लोक जोडीतल्या दोघांना आलटूनपालटून चाचपतात. नोंद चोख असेल तर ते जमत नाही. नसेल तर नुकसान कंपनीचं होतं आणि बोलणी दोघींना बसतात.

कंपनीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मुरलेला माणूस हातचा जात नाही. लहान मूल, आजारी आईवडील, अर्धवट राहिलेलं शिक्षण, जवळ आलेली निवृत्ती अशा कारणांनी जो राजीनामाच देणार होता, तो अर्ध्या वेळेसाठी का होईना, राहतो. शिवाय एका पगारात दोघांचं कसब मिळतं. माझी सहकारी करारातली बारीक कलमं वाचण्यात तरबेज होती, मला आकडे पटकन खटकायचे. एकीच्या नजरेतून सुटलेली चूक बऱ्याचदा दुसरीला दिसायची.

खर्च मात्र माणशी वाढतो. लॅपटॉप दोन, सॉफ्टवेअरचे लायसन्स दोन, प्रशिक्षण दोघांना, वार्षिक मूल्यमापनही दोघांचं. हाताखाली माणसं असतील तर त्यांना दोन साहेब होतात, आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं की ती बिचारी मधल्या मधे अडकतात. म्हणून जबाबदारीची पदं वाटताच येत नाहीत असं नाही. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने 2015 च्या अखेरीस राजकीय संपादकपद हेदर स्टुअर्ट आणि अनुष्का अस्थाना या दोघींना मिळून दिलं होतं.

आता रजा. ‘एक सुट्टीवर गेला तर दुसरा आहेच की’ असं कंपन्या सर्रास गृहीत धरतात. जर्मनीच्या अर्धवेळ कामाच्या कायद्यात, जो 2001 पासून लागू आहे, पद वाटून घेण्यावर स्वतंत्र कलमच आहे. त्यानुसार जोडीदार गैरहजर असेल तेव्हा दुसऱ्याने त्या-त्या वेळी होकार दिला तरच त्याची पाळी त्याच्यावर येते. तातडीच्या कारणासाठी तसं करारातच लिहून घेता येतं, पण तेव्हाही ती अपेक्षा रास्त असावी लागते. आणि जोडीदाराने नोकरी सोडली, एवढ्याच कारणावरून उरलेल्याला काढता येत नाही. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर हे दोन्ही मुद्दे करारात लिहून घ्या. दुसऱ्या मुद्द्यावर तर अडूनच बसा, कारण कर्मचाऱ्याला खरी धास्ती त्याचीच असते.

पगार तासांच्या प्रमाणात कमी होणार हे उघड आहे, पण तासाचा दर कमी होता कामा नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1994 चा अर्धवेळ कामाबद्दलचा करारही हेच सांगतो, अर्थात तो बांधील आहे फक्त मान्य केलेल्या देशांना. निवृत्तीची रक्कम जिथे शेवटच्या पगारावर काढतात, तिथे शेवटची वर्षं अर्ध्या पगारावर काढण्याआधी नियम नीट वाचा, नाहीतर आयुष्यभराचा हिशोब बिघडू शकतो. बढतीचंही आधीच विचारून ठेवा. अर्ज एकट्याने करायचा की जोडीने, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेलंच नसतं.

वाटणी शक्यतो दिवसांची करा, सकाळ-दुपारची नको. रोज अर्धा दिवस गेलात तर जायचा-यायचा वेळ आणि खर्च पूर्ण आणि पगार अर्धा, असं होऊन बसतं. सलग मोकळे दिवस मिळाले तरच या व्यवस्थेचा काही उपयोग.

जोडीदार कंपनीने परस्पर ठरवला असेल, तर होकार देण्याआधी त्या व्यक्तीबरोबर एखादं काम प्रत्यक्ष करून बघायची मुभा मागा. स्वभाव जुळले नाहीत तरी निभावतं. पण कामाची नोंद ठेवायचा कंटाळा असलेल्या माणसाबरोबर मी तरी पद वाटून घेणार नाही.