प्लूटोला ‘मोठा धूमकेतू’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : प्लूटो आणि धूमकेतू दोघेही दूरच्या थंडीतले, दोघेही बर्फाळ. मग प्लूटोला ‘मोठा धूमकेतू’ म्हणून मोकळे का होऊ नये? ‘बटुग्रह’ हा वेगळा शब्द कशाला?

कारण हे दोन शब्द वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ‘बटुग्रह’ या शब्दातून वस्तूचा बांधा कळतो, ‘धूमकेतू’ या शब्दातून तिचे वागणे.

२००६च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने बटुग्रहाची व्याख्या ठरवली. तो सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल झालेला हवा, कुणाचा उपग्रह नको. आणि आपल्या कक्षेतली गर्दी त्याला हटवता आलेली नसावी. यात बर्फाचे नाव नाही, ठिकाणाचेही नाही. म्हणून तर मंगळ आणि गुरू यांच्यामधला सेरेस हा प्लूटो आणि त्याच्यासारखाच दूरचा, बर्फाळ एरिस यांच्या पंगतीला बसतो.

ठिकाणावरून फरक करायला गेलात तर हॅलेचा धूमकेतू अडचण करेल. साधारण ७६ वर्षांच्या फेरीत तो सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ३५ पट लांब जातो. प्लूटो सूर्याच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा ३० पटींच्या आतच असतो!

खरा फरक पडतो तो आकाराने. हॅलेचा गाभा जेमतेम १५ किलोमीटर लांब, वेडावाकडा. त्याचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण की त्याला गोल होणे जमत नाही आणि उन्हाने बर्फाची वाफ झाली की ती धरून ठेवणेही जमत नाही. वाफ आपल्याबरोबर धूळ घेऊन निसटते आणि शेपटी फुटते. प्लूटोचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर. त्याच्यावरच्या नायट्रोजनच्या बर्फाचीही वाफ होते, पण बरीचशी त्याच्याभोवतीच विरळ वातावरण होऊन राहते. उद्या त्याला शेपटी फुटली तरी बटुग्रहपद जाणार नाही. व्याख्येत शेपटीला मनाई नाही.

वागणे बदलले की नाव कसे बदलते, याचा नमुना म्हणजे कायरन. १९७७ साली सापडला तेव्हा तो लघुग्रह गणला गेला. १९८९मध्ये त्याच्याभोवती धूसर आवरण दिसले आणि तो धूमकेतूही ठरला. आज दोन्ही याद्यांत त्याचा क्रमांक आहे : लघुग्रहांत २०६०, धूमकेतूंत ९५.

मराठीत धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ असा जुना, झकास शब्द आहे. मुंजीतल्या बटूची शेंडी आकाशात मात्र भलत्याच्याच डोक्यावर गेली! तरीही मला हिंदीतल्या ‘बौना ग्रह’पेक्षा ‘बटुग्रह’ आवडतो. त्यात हेटाळणी नाही. लिहिताना सुटा ‘बटू’ दीर्घ, समासात ‘बटु’ ऱ्हस्व.