ठाण्यात दिव्यांगांना रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढलाय, घोडबंदर रोडवरून त्यांना आठवड्यातून दोनदा स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. लंडनला तुमच्या बहिणीच्या सासूबाईंना टॅक्सीचं कार्ड मिळालंय, तसं ठाण्यात काही आहे का?

नाही. मीटरवरच्या भाड्यातला वाटा पालिका किंवा सरकार उचलतं, असं कार्ड आपल्याकडे नाही. मी पोलिओमुळे कुबड्या घेऊन फिरतो, मानपाड्याला राहतो, कामाला मुंबईत जातो, त्यामुळे हा शोध मीही घेऊन झालाय.

आपल्याकडे गंमत अशी आहे की जिथे भाडं मुळातच कमी, तिथे सवलत आहे. एसटीत ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. अटींत बसलात तर लोकलचा पास निम्म्या दरात मिळतो, शिवाय आपला वेगळा डबा आहेच. पण त्या डब्यापर्यंत पोचायचं कसं? मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. सहा किलोमीटर झाले की शंभराची नोट गेलीच, आणि परत यायचंही असतं. धडधाकट माणूस शेअर रिक्षात भागवतो. व्हीलचेअर असली की स्पेशल रिक्षाच करावी लागते. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्यालाच सगळ्यात महागडा प्रवास, आणि नेमका तोच सवलतीतून सुटलेला.

लंडनचं टॅक्सीकार्ड तिथल्या नगरपालिका आणि वाहतूक खातं मिळून चालवतात. न्यूझीलंडमध्येही अशीच योजना आहे, २०२२ मध्ये तिथे सवलत निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर नेली होती. प्रवासी आपला वाटा देतो, उरलेले पैसे योजनेतून टॅक्सीवाल्याकडे जातात. पण मला हेवा पैशांपेक्षा गाडीचा वाटतो. लंडनच्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर चढते, परवान्याची अटच आहे ती. आपल्याकडे उद्या कार्ड आलं तरी ॲपवरून बोलावलेल्या सीएनजी गाडीची डिकी उघडली की आत सिलिंडर! घडीची खुर्ची मग पुढच्या सीटवर नाहीतर कॅरियर असलाच तर टपावर. म्हणून गाडी बुक झाली की आधी ड्रायव्हरला फोन करून डिकी रिकामी आहे का ते विचारा. खरं सांगायचं तर एक पाय चांगला असेल तर रिक्षाच बरी. दांडी धरून वळून बसता येतं, मान वाकवून आत शिरावं लागत नाही. खुर्ची घडी करून पायाशी उभी राहते. ओळखीचा एक रिक्षावाला धरून ठेवा, जाऊन-येऊन, थांबण्यासकट पैसे आधीच ठरवा. मीटरपेक्षा थोडं जास्त जाईल, पण हॉस्पिटलबाहेर एका पायावर रिक्षा शोधत उभं राहणं वाचतं.

आता पैसे कुठून सुटतील ते. वडिलांचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी हॉस्पिटलात. अपंगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर पिवळं कार्ड, ८० च्या वर निळं. ते हातात नसेल तर पुढची बरीचशी दारं उघडत नाहीत.

मग पालिकेच्या समाज विकास विभागात जा. महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो आणि त्यातून अर्थसाहाय्याच्या योजना निघतात. अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून चौकशी करत राहा. तिथे रिक्षाचं भाडं म्हणून काही मागू नका, तसा रकानाच नसतो. जे साहाय्य मिळेल ते घ्या आणि प्रवासाला वापरा.

तुम्ही जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असाल आणि वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर, ज्याला सगळे ८०डीडी म्हणतात, ती ७५ हजारांची वजावट घ्या. अपंगत्व ८० टक्क्यांच्या वर असेल तर सव्वा लाख. उपचारावर काही खर्च झालेला असावा लागतो, पण तो नेमका किती यावर रक्कम ठरत नाही. पुष्कळ पगारदारांना हे माहीतच नसतं.

आणि एक अर्ज जरूर द्या, उत्तराची घाई न करता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ काढून बघा. दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात फिरता यावं म्हणून सरकारने योजना आखाव्यात, त्यात सवलती आणि प्रवासासाठी मदत असावी, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे टॅक्सीकार्ड मागणं ही काही मेहेरबानीची याचना नाही. अर्जात कलम लिहा, वडिलांच्या फेऱ्या आणि रिक्षाचा महिन्याचा खर्च लिहा. एक प्रत पालिका आयुक्तांना, एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझा अर्ज आधीच तिथे पडलेला आहे, तुमचाही जाऊ द्या.