गोव्यात घोड्याचं मांस विकत मिळतं का? पोर्तुगालहून आलेला पाहुणा विचारतोय.

नाही, गोव्यातच काय, देशात कुठेच ते खाण्यासाठी कायदेशीरपणे विकता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या नियमांत मांसासाठी चालणाऱ्या प्राण्यांची यादी आहे: शेळ्या-मेंढ्या, डुकरं, गाई-म्हशींचा वर्ग, कोंबड्या वगैरे. घोडा त्यात नाही, गाढवही नाही. त्यामुळे गोव्यातल्या उसगावच्या सरकारी कत्तलखान्यातही घोडा कापता येणार नाही. पाहुण्याच्या देशात मात्र ते उघड विकतात. तिथे भांडण विक्रीचं नाही, लेबलवर खरं लिहिण्याचं. २०१३ मध्ये युरोपात ‘बीफ’ लिहिलेल्या गोठवलेल्या लझान्यात (थरांचा इटालियन पास्ता) चक्क घोडा निघाला, आणि घोड्यांना देतात ते फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक औषध मांसातून पोटात गेलं की काय म्हणून लोक धास्तावले. फक्त एक गोष्ट, खिमा झाल्यावर नुसत्या नजरेनं काही कळत नाही, डीएनएसारखी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.