जुन्या डिझेल गाडीला चिप लावायची असेल तर

भाऊ, चिप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला (ईसीयूला) चकवून ताकद वाढवणारा छोटा बॉक्स. आधी गाडी कोणती ते बघा. कार्बोरेटरवाल्या गाडीत चिपचा प्रश्नच नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला फरक जेमतेम जाणवतो. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले बिघाड तपासायचं सॉकेट) खोचायचे स्वस्त प्लग घेऊच नका, बहुतेकांत नुसते दिवे लुकलुकतात. खरा फायदा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल देणारी एकच नळी) असलेल्या टर्बो डिझेलला, म्हणजे जुन्या १.३ स्विफ्टसारख्या गाडीला.

आधी एअर आणि डिझेल फिल्टर बदला, इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा भाग) होज तपासा. मग क्लच: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. तो बदलल्याशिवाय चिपचं नाव काढू नका.

इग्निशन बंद करून दहा मिनिटं थांबा, दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. रेलवर प्रेशर सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. सेन्सरला पाना अजिबात लावू नका. चालू इंजिनात रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो. बॉक्स सेन्सर आणि कनेक्टरच्या मधे जोडून टर्बोपासून लांब, टायने घट्ट बांधा.

हा बॉक्स ईसीयूला दाब कमी दाखवतो, म्हणून ईसीयू तो वाढवतो. त्यामुळे सुरुवात सर्वांत खालच्या सेटिंगवर. इंजिनचा दिवा लागून पी००८८ कोड आला, तर रेलचा दाब जास्त होतोय. मुंबईहून येताना कसारा घाटात काळा धूर दिसला किंवा तापमानाचा काटा चढला, तरी सेटिंग उतरवा. आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेम अडकू शकतो.